कानापासून फोनकडे

इअरफोन कानात घालावेत आणि तबला स्पष्ट ऐकू येतो असे एखादे ओळखीचे गाणे लावावे. मग दोन्ही बाजू बोटांनी किंचित आत दाबून धराव्यात. डग्ग्याचा घुमार एकदम वाढला, गायकाच्या आवाजाला अंग आले, तर फोन ठीक आहे आणि इअरफोनही ठीक आहे. दोष आहे तो रबरी टिप आणि कानाची भिंत यांच्यामध्ये राहिलेल्या फटीचा. तिच्यातून खालचे स्वर निसटून जातात आणि उरतो सैल पुडीच्या डग्ग्यासारखा पोकळ आवाज.

इअरफोनमधला पडदा जेमतेम नखाएवढा असतो. एवढ्या लहान पडद्याने मंद्र नाद ऐकवायचा तर त्याच्यापुढची हवा कोंडलेली हवी. पडदा पुढेमागे होतो, कानाच्या नळीतला दाब वाढतो आणि घटतो, आणि हा चढउतार कानाला खालचा स्वर म्हणून जाणवतो. फट राहिली की दाब तयारच होत नाही. वरच्या स्वरांवर मात्र तिचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून ढिला बसलेला इअरफोन कर्कश वाटतो, आणि ऐकणारा ‘ट्रेबल फार आहे’ अशी तक्रार करतो. खरे तर ट्रेबल आहे तेवढेच असते, त्याला तोलून धरणारा बेस गेलेला असतो.

डब्यात टिपांच्या दोन-तीन जोड्या येतात. बहुतेक लोक कारखान्यातून लागून आलेली मधली जोडी तशीच वापरत राहतात आणि बाकीच्या डब्याबरोबर कपाटात जातात. त्या काढून पाहाव्यात. अनेकांचे दोन कान एका मापाचे नसतात, तेव्हा डाव्या कानाला मोठी आणि उजव्याला मधली टिप लावण्यात काही वावगे नाही. इअरफोन घालतानाही थोडी युक्ती आहे. विरुद्ध बाजूचा हात डोक्यामागून नेऊन कानाची वरची पाळी हलकेच वर आणि मागे ओढावी. त्याने नळी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत बसवावा आणि पाळी सोडावी. रबर टिकतच नसेल तर फोमच्या टिपा मिळतात. त्या बोटांत दाबून बारीक करायच्या आणि कानात घालून अर्धा मिनिट फुगू द्यायच्या. घामाने त्या लवकर खराब होतात, काही महिन्यांनी बदलाव्या लागतात, पण पकड पक्की. एअरपॉड्स प्रो वापरणाऱ्यांना आयफोनच्या सेटिंग्जमध्ये टिप नीट बसली की नाही हे तपासणारी चाचणीच दिलेली आहे.

कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनचा प्रश्नही हाच, फक्त तिथे फट पडते ती चष्म्याच्या दांडीखाली किंवा केसांच्या बटेखाली. गादीचे रेक्झिन सोलवटले, आतला स्पंज बसला, तरी बेस गळू लागतो. अनेक चांगल्या हेडफोनच्या गाद्या सुट्या विकत मिळतात. तीन-चार वर्षे वापरलेला हेडफोन ‘पूर्वीसारखा वाजत नाही’ असे वाटले तर नवा घेण्याआधी गाद्या बदलून पाहाव्यात.

इतका वेळ टिपा आणि गाद्यांवर घालवण्याचे कारण आहे. गाणे फोनमधून कानापर्यंत येते ते एका साखळीतून. आधी फाइल, मग ती उलगडणारे अ‍ॅप, मग आकड्यांची विद्युत लहर करणारी डॅक नावाची चिप, ती लहर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, त्यापुढे वायर किंवा ब्लूटूथ, मग हेडफोनचा पडदा आणि शेवटी कान. चांगल्या आवाजाची हौस असलेले बहुतेक जण फोनकडचे टोक धरतात. महागडे सबस्क्रिप्शन घेतात, डॅक घेतात, ‘हाय-रेझ’चा सोनेरी शिक्का पाहून फोन निवडतात. पण सर्वांत मोठा फरक पडतो तो कानाकडच्या टोकाला. टिप ढिली असेल तर बेस दहा डेसिबलहून अधिक खाली जाऊ शकतो. दोन बऱ्या डॅकमधला फरक त्यापुढे इतका बारीक असतो, की दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला तर तो ओळखणे बहुतेकांना जमत नाही. म्हणून कानापासून सुरुवात करून फोनकडे यावे. पैसेही त्याच क्रमाने खर्च करावेत.

दुसरे काम सफाईचे, आणि ते फुकट आहे. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला तर बहुतांश वेळा इअरफोनच्या जाळीत मळ अडकलेला असतो. जाळी खाली धरून मऊ, कोरड्या ब्रशने झाडावी. पाणी किंवा स्पिरिट जाळीत ओतू नये, ते पडद्यापर्यंत पोचते. फोनच्या सॉकेटमध्ये खिशातला लिंट दाबून बसतो, पिन पूर्ण आत जात नाही, आणि मग आवाज खरखरतो किंवा एकाच कानात येतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद काढता येतो. जाड कव्हरही पिनला अडवते. आणि सगळे करून एक बाजू मंदच राहिली तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागातली डाव्या-उजव्या बाजूची पट्टी मध्यावर आहे ना, हे पाहावे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ती असते आणि कधीतरी चुकून सरकलेली असते. तिथेच ‘मोनो’चा पर्याय असतो. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तो फार मोलाचा आहे, कारण त्याने दोन्ही बाजूंचे संगीत एकत्र होऊन चांगल्या कानात पूर्ण पोचते. इतरांनी तो बंद ठेवावा.

आता भोवतालचा गोंगाट. लोकलच्या डब्यात किंवा एसटीच्या मागच्या सीटवर जो आवाज असतो तो मुख्यतः खालच्या पट्टीतला, सलग घरघरणारा. तो नेमका डग्गा, तानपुऱ्याचा खर्ज आणि बास गिटार गिळून टाकतो. ऐकणारा मग आवाज वाढवतो. त्याने बेस पुरता येत नाही, पण गाणाऱ्याचा आवाज आणि झांजा कानावर आदळू लागतात. उपाय व्हॉल्यूमच्या बटणात नाही, बाहेरचा आवाज थोपवण्यात आहे. नीट बसलेली टिप मधल्या आणि वरच्या पट्टीतला गोंगाट बराच अडवते. खालच्या घरघरीसाठी नॉइज कॅन्सलेशन कामी येते. त्यात बाहेरचा माइक गोंगाट टिपतो आणि हेडफोन त्याच्या बरोबर उलटी लहर सोडून तो पुसून टाकतो. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये झुरिकहून अमेरिकेला परतताना विमानात सुचली. कल्पनेतून वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडले. हे तंत्र विमानाच्या इंजिनासारख्या सलग आवाजावर उत्तम चालते आणि फेरीवाल्याच्या आरोळीवर किंवा हॉर्नवर कमी. रस्ता ओलांडताना आणि रुळांच्या आसपास मात्र हेडफोन काढलेलाच असावा. बाहेरचा आवाज आत सोडणाऱ्या ‘ट्रान्सपरन्सी’ मोडवर विसंबून राहू नये.

गोंगाट कमी झाला की आवाज कमी ठेवता येतो, आणि हा मुद्दा केवळ गोडव्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की मुभा निम्मी होते. ८३ ला २० तास, आणि ९० डेसिबलला जेमतेम ४ तास. रोज दीड-दोन तासांचा लोकल प्रवास मोठ्या आवाजात करणाऱ्याची आठवड्याची मुभा मंगळवारीच संपू शकते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘हेडफोन सेफ्टी’ खाली ठरावीक डेसिबलच्या वर आवाज जाऊ न देण्याची सोय आहे. सॅमसंगमध्ये मीडिया व्हॉल्यूमला मर्यादा घालता येते. ऐकण्याची गेलेली शक्ती परत येत नाही, आणि सर्वांत आधी जातात ते वरचे स्वर, म्हणजे सतारीच्या तरफा, बासरीतली फुंक आणि बोलण्यातले स-श-फ. घरातल्या मुलांच्या फोनवर ही मर्यादा आजच घालून द्यावी.

हेडफोनची निवड हा साखळीतला सर्वांत मोठा खर्च, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. कोणता स्वर किती जोराने वाजतो याचा आलेख आणि हेडफोनची किंमत यांचा एकमेकांशी काही संबंध सापडला नाही. हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून वेगळ्या बाजूने शोध घेतला. कोणता हेडफोन आहे हे न कळू देता लोकांना ऐकवले आणि त्यांची पसंती नोंदवली. त्यातून जो आलेख बहुसंख्यांना आवडला तो आज ‘हर्मन कर्व्ह’ म्हणून ओळखला जातो. त्यात खालचे स्वर थोडे उचललेले असतात आणि तीन किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा असतो, कारण उघड्या कानाची नळी त्याच पट्टीला नैसर्गिकरीत्या वाढवते. त्यानंतर चीनमधल्या मूनड्रॉप, ट्रूथियर यांसारख्या कंपन्यांनी हे आलेख समोर ठेवून दोन-तीन हजार रुपयांच्या आसपासचे वायरचे इअरफोन काढले. निव्वळ आवाजाच्या दृष्टीने ते कित्येक महागड्या ब्लूटूथ इअरबड्सना मागे टाकतात. ज्याला वायरचा कंटाळा नाही त्याने आधी इथे पाहावे.

भारतीय बाजारात ‘एक्स्ट्रा बेस’चा भडिमार आहे. पार्टीच्या गाण्यांना तो चालून जातो. पण तोच हेडफोन लावून किशोरी आमोणकरांचा भूप ऐकला तर तानपुरा चिखलात रुतल्यासारखा वाटतो आणि आलापातले बारीक कण धूसर होतात. म्हणून पारखताना स्वतः रोज ऐकतो तेच संगीत लावावे. गायकाचा आवाज हीच पहिली कसोटी, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे प्रत्येक कानाला जन्मापासून ठाऊक आहे. आवाज नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटतो का, स आणि श टोचतात का, हे पाहावे. मोठ्या वाद्यमेळासाठी २०१६ च्या ‘सैराट’चे संगीत चांगली परीक्षा घेते. अजय-अतुल यांनी त्यातला सिम्फनी वाद्यवृंद हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवून घेतला आहे. व्हायोलिनांचे थर सुटे सुटे ऐकू येतात की सगळ्यांची एक भिंत होते, हे दोन मिनिटांत कळते. दुकानात दोन हेडफोन पडताळताना दोन्हींची पातळी कानाला सारखी वाटेल अशी लावून घ्यावी. थोडा मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि विक्रेत्यालाही हे माहीत असते.

हातातला हेडफोन अगदीच टाकाऊ नसेल तर इक्वलायझरने तो पुष्कळ सुधारतो. हे साधन बहुतेक फोनमध्ये आहे, आणि सर्वांत जास्त वाया जाणारे साधनही हेच. लोक ‘रॉक’, ‘पॉप’, ‘जॅझ’ अशी तयार बटणे दाबून पाहतात आणि सोडून देतात. ती बटणे गाण्याचा प्रकार पाहून केलेली असतात, पण इक्वलायझर लावायचा असतो तो हेडफोनचा दोष पाहून. सुरुवात वजाबाकीने करावी. आवाज घुमल्यासारखा वाटत असेल तर दोनशे हर्ट्झच्या आसपासची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली आणावी. स-श टोचत असतील तर पाच ते आठ किलोहर्ट्झमधली पट्टी थोडी उतरवावी. बेस वाढवायचाच असेल तर वाढवला तेवढ्याच डेसिबलने ‘प्रीअ‍ॅम्प’, म्हणजे एकूण पातळी, खाली न्यावा. हे न केल्यास लहरीची टोके कापली जातात आणि जोराच्या जागी आवाज फाटतो. मग दोष हेडफोनच्या माथी येतो.

स्वतः पट्ट्या हलवण्याची सवय नसेल त्यांच्यासाठी तयार मार्ग आहे. याक्को पासानेन यांनी ‘ऑटोईक्यू’ नावाचा मुक्त प्रकल्प चालवला असून त्यात हजारो हेडफोनांची मोजमापे आणि त्यांवरून काढलेल्या दुरुस्त्या आहेत. अँड्रॉइडवरच्या ‘वेव्हलेट’ या अ‍ॅपमध्ये आपल्या हेडफोनचे नाव शोधून एका स्पर्शाने ती दुरुस्ती लागू करता येते. ती शंभर टक्के बसेलच असे नाही, कारण प्रत्येक कानाची नळी वेगळी. पण सुरुवातीला एवढा आधार पुरेसा असतो. एक पथ्य पाळावे. फोनचा इक्वलायझर, डॉल्बी अ‍ॅटमॉस, हेडफोन कंपनीच्या अ‍ॅपमधले इफेक्ट आणि गाण्याच्या अ‍ॅपमधला इक्वलायझर यांतले एकच काहीतरी चालू असावे. चौघे एकाच वेळी काम करू लागले की कोण काय बिघडवत आहे ते समजत नाही.

इथे घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार अवश्य करावा. वय वाढते तसे वरचे स्वर कमी ऐकू येतात, आणि ‘हल्लीच्या गाण्यांतले शब्दच कळत नाहीत’ ही तक्रार बऱ्याचदा त्यातून येते. सॅमसंगच्या अनेक फोनांत ‘अ‍ॅडॅप्ट साउंड’ आहे. तो वेगवेगळ्या उंचीचे बारीक बीप ऐकवून प्रत्येक कानाची चाचणी घेतो आणि जिथे कमी ऐकू येते तिथे भर घालतो. आयफोनमध्ये २०२० पासून ‘हेडफोन अ‍ॅकमोडेशन्स’ या नावाने अशी सोय आहे. रविवारी दहा मिनिटे शेजारी बसून आजी-आजोबांच्या फोनवर ही चाचणी करून दिली, तर त्यांना कीर्तनातला शब्द न् शब्द पुन्हा कळू शकतो. हे श्रवणयंत्र नव्हे, आणि ऐकू येण्याची अडचण जास्त असेल तर कानाच्या डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

हळू आवाजात ऐकणाऱ्यांनी बेस किंचित चढवला तर ती चैन समजू नये. बेल लॅब्जमधल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की आवाज कमी असताना कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा फारच कमी ऐकू येतात. रात्री घरचे झोपल्यावर मंद आवाजात नाट्यसंगीत ऐकणाऱ्याने तीन-चार डेसिबलची भर अवश्य घालावी.

आता फाइलकडे. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत, दोन बाजूंचा आवाज नोंदलेला असतो. त्याचा वेग होतो १,४११ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला दहा एमबीहून जास्त. एमपीथ्री आणि त्यानंतर आलेले एएसी, ओपस यांसारखे प्रकार कानाला न जाणवणारा भाग वगळून हे ओझे कमी करतात. ३२० केबीपीएसची फाइल मिनिटाला सुमारे २.४ एमबी घेते आणि नीट बनवलेली असेल तर सीडीपासून वेगळी ओळखणे अतिशय कठीण. खरी गडबड होते ती ६४ किंवा ९६ केबीपीएसला. झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या सळसळतात, टाळ्यांचा कडकडाट चुरगळलेल्या कागदासारखा येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा हातांतून फिरलेले गाणे कोणत्याही हेडफोनवर चांगले वाजणार नाही.

म्हणून अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये एकदा जावे. स्पॉटिफायमध्ये वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड या तिन्हींचा दर्जा वेगवेगळा निवडावा लागतो. तो ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर नेटवर्क क्षीण होताच आवाजही क्षीण होतो. बोगद्यात, घाटात किंवा गर्दीच्या स्टेशनात ऐकायचे असेल तर घरच्या वायफायवर वरच्या दर्जाचे डाउनलोड करून ठेवावे. यूट्यूब म्युझिकमध्ये वरचा दर्जा २५६ केबीपीएसचा आहे. काहीच न वगळणारा ‘लॉसलेस’ दर्जा अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये जादा पैसे न घेता सुरू केला, स्पॉटिफायने तो २०२५ मध्ये आणला. एकामागोमाग गाण्यांचा आवाज कमीजास्त होऊ न देणारी नॉर्मलायझेशनची सोयही चालू ठेवावी. तिने दर्जा बिघडतो अशी समजूत आहे, ती या सोयीच्या मधल्या किंवा खालच्या पातळीला तरी खरी नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत अपेक्षा मात्र बदलायला हवी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’च्या काळातल्या किंवा त्याआधीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांत वरचे स्वर मुळात कमी टिपले गेले आहेत. ट्रेबल वाढवल्याने सुधीर फडक्यांचा स्वर उजळत नाही, तबकडीची खरखर तेवढी वाढते. इथे वरची पट्टी उलट जराशी उतरवली तर कान थकत नाही. आणि एकाच गाण्याच्या तीन-चार प्रती अ‍ॅपवर असतील तर त्या पडताळून पाहाव्यात. खरखर काढण्याच्या नादात एखाद्या प्रतीत आवाजाचा प्राणच काढलेला असतो, तर दुसऱ्या प्रतीत खरखर आहे पण गायक समोर बसलेला आहे. दुसरी निवडावी.

ब्लूटूथवर गाणे हवेतून पाठवण्याआधी पुन्हा एकदा दाबले जाते, आणि ते कसे दाबायचे हे कोडेक ठरवतो. एसबीसी प्रत्येक फोनमध्ये असतोच, साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत. आयफोन एसबीसी आणि एएसी हे दोनच जाणतो, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅकचा शिक्का पाहून हेडफोनला जादा पैसे मोजू नयेत. सोनीचा एलडॅक २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून बहुतेक अँड्रॉइड फोनांत आहे. तो ३३०, ६६० किंवा ९९० केबीपीएसवर चालतो. अँड्रॉइडवर एएसीचा दर्जा फोनागणिक बदलतो, म्हणून तिथे हेडफोनमध्ये असेल तर एलडॅक किंवा अ‍ॅप्टएक्स वापरून पाहावा. ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावाशेजारच्या चक्रावर स्पर्श केल्यास ‘एचडी ऑडिओ’ किंवा एलडॅकचे बटण दिसते. अधिक खोलात जायचे तर ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात आणि तिथे कोडेक व त्याचा वेग निवडता येतो. दादर स्टेशनवर ९९० चा हट्ट धरू नये. गर्दीत शेकडो ब्लूटूथ आणि वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत बोलत असतात आणि गाणे तुटू लागते. ६६० वर ते सलग चालते आणि आवाजातला फरक चालत्या गाडीत कळत नाही. फोन मागच्या खिशात असेल तर तो वरच्या खिशात घ्यावा. मानवी शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते.

एक तक्रार फार ऐकू येते: गाणे छान चालू असते आणि माइक सुरू होताच आवाज टेलिफोनसारखा बसतो. हा बिघाड नाही. माइक चालू झाला की जुने ब्लूटूथ दुसऱ्या पद्धतीत जाते, जिच्यात आवाज मोनो आणि अरुंद पट्टीचा असतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’त हा दोष दूर करण्याची सोय आहे, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोन्ही नवे हवेत. ऑनलाइन रियाज घेणाऱ्यांनी किंवा गाणे शिकवणाऱ्यांनी सरळ वायर वापरावी. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि तालाशी खेळताना ते लगेच जाणवते.

वायर वापरायची तर पिन घालायची कुठे? २०१६ च्या आयफोन ७ मध्ये अ‍ॅपलने ३.५ मिलिमीटरचा जॅक काढला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक महागड्या फोनांतून तो गेला. हेडफोनसाठी वेगळी चांगली चिप बसवणाऱ्या एलजीने २०२१ मध्ये फोनचा धंदाच बंद केला. स्वस्त फोनांत अजून जॅक सापडतो. ज्यात नाही त्यासाठी टाइप-सीचे कनेक्टर मिळतात, ते दोन जातींचे. एकाच्या आत डॅक असतो, दुसरा नुसती वायर असतो आणि फोननेच टाइप-सीमधून अ‍ॅनालॉग आवाज सोडला तरच चालतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत कनेक्टर घेताना ‘आत डॅक आहे का’ हे विचारावे आणि आपल्याच फोनला जोडून गाणे व माइक दोन्ही तपासूनच पैसे द्यावेत.

अ‍ॅपलचा छोटा टाइप-सी कनेक्टर मोजणीत आपल्या किमतीच्या कितीतरी पुढे आहे. तो सुमारे १ व्होल्ट देतो. अनेक अँड्रॉइड फोनांवर मात्र त्याचा आवाज कमीच राहतो, कारण त्याच्या आतला व्हॉल्यूम फोन पूर्ण उघडत नाही. ‘यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो’ या अ‍ॅपमधून तो उघडता येतो. ते अ‍ॅप अँड्रॉइडची स्वतःची ध्वनियंत्रणा बाजूला ठेवून थेट डॅकशी बोलते. किंवा दुसऱ्या कंपनीचा डॅक असलेला कनेक्टर घ्यावा.

एवढासा कनेक्टर पुरतो का, याचा हिशेब हेडफोनच्या डब्यावरच असतो. ३२ ओहमचा, १ मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा हेडफोन १ व्होल्टला ३१ मिलिवॉट घेतो आणि ११५ डेसिबलपर्यंत जातो. हे कानाला धोकादायक आहे, म्हणजे ताकद गरजेपेक्षा भरपूर. सेनहायझरचा एचडी ६५० तीनशे ओहमचा असल्याने ‘अ‍ॅम्पशिवाय चालत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. कंपनीचाच आकडा १ व्होल्टला १०३ डेसिबल असा आहे, म्हणजे घरात ऐकायला छोटा कनेक्टर पुरतो. अडते ते हायफायमॅन एचई-६ सारख्या हेडफोनांशी, ज्याची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल इतकी कमी आहे. तसा हेडफोन हाती असेल तरच वेगळ्या अ‍ॅम्पचा खर्च करावा. उलट फार संवेदनशील इअरफोनमध्ये गाणे थांबले तरी बारीक सूं असा आवाज येतो. तिथे अधिक ताकदीचा डॅक तो वाढवतो, आणि साधा कनेक्टरच शांत वाजतो.